उन्हातला दगड आणि पर्वतांपलीकडचं तत्त्वज्ञान

एका जंगलात, मुलांनो, सगळे प्राणी अगदी अद्ययावत होते. बाकी त्या जंगलात विशेष काही नव्हतं. एक तळं होतं. तळ्याकाठी अर्जुनाचं झाड होतं. त्या झाडाखाली दर मंगळवारी दुपारी अभ्यासमंडळ भरायचं.

तुम्ही म्हणाल, प्राण्यांना कसला अभ्यास? तर तत्त्वज्ञानाचा. तेही आपल्याकडचं जुनंपानं नव्हे. ते वाटेत पडलेलं असलं तरी त्या जंगलात कोणी उचलत नसे. त्यांना लागायचं ते पर्वतांपलीकडच्या खंडातलं, आणि तेही याच वर्षीचं.

ते आणायचा धोबी. धोबी म्हणजे कपडे धुणारा नव्हे. पाण्याच्या कडेकडेने तुरुतुरु चालणारा, शेपटी सारखी वरखाली हलवणारा, चिमणीएवढा पक्षी असतो, तो धोबी. थंडी सुरू झाली की तो पर्वत ओलांडून या तळ्यावर यायचा. पंखांचा शीण उतरायच्या आत मंडळ त्याला अर्जुनाच्या मुळावर बसवायचं आणि विचारायचं, "तिकडे सध्या काय म्हणतात?" मग तो जे ऐकलं असेल ते सांगायचा. शेपटी हलतच असायची. त्यामुळे त्याचं बोलणं त्याला स्वतःला पूर्ण पटलेलं आहे असं वाटायचं.

मंडळाचे अध्यक्ष होते रोहीसर. नीलगाईला त्या भागात रोही म्हणतात. लांब तोंड, गळ्याखाली केसांचा झुबका, आणि चेहरा असा गंभीर की ते नुसतं गवत चघळत असले तरी कोणाचं तरी म्हणणं खोडून काढताहेत असं वाटावं.

एका वर्षी धोबीने सांगितलं की 'मी' असं काही नसतंच. त्या वर्षी कोल्ह्याने सशाचं बीळ बळकावलं. ससा तक्रार घेऊन मंडळाकडे गेला. बीळ कोणाचं, असं त्याला विचारलं. तो 'माझं' म्हणाला, आणि त्याला महिनाभर मंडळात यायला बंदी झाली.

त्याच्या पुढच्या वर्षी असं आलं की कुठल्याही शब्दाचा अर्थ पक्का नसतो. त्या थंडीत माकड 'वाघ आला' म्हणून ओरडलं, तेव्हा चौघांनी पाय वर करून विचारलं, 'आला' म्हणजे नेमकं काय? पुढच्या मंगळवारी ते चौघे आले नाहीत.

आणि एक लक्षात ठेवा. नवं आलं की जुन्याची भयंकर लाज वाटायची. "अजून अर्थाचंच धरून बसलायस का?" असं कोणी म्हणालं की समोरचा कान पाडून घरी जायचा आणि दोन दिवस तोंड दाखवायचा नाही.

या सगळ्यापासून एक कासवीण लांब होती. तिचं नाव येसूमावशी. वय ऐंशीच्या पुढे. मंडळात ती कधी गेली नव्हती. झाडाखालच्या गलक्याचा सूर बदलला की ती समजायची, नवं तत्त्वज्ञान आलं. एवढाच तिचा त्या विषयाशी संबंध.

तिचा संबंध होता एका दगडाशी. तळ्याच्या कडेला, अर्धा पाण्यात आणि अर्धा बाहेर असा एक चपटा, रुंद, काळा दगड होता. सकाळी नऊच्या सुमाराला त्यावर ऊन यायचं. येसूमावशी त्यावर चढायची, चारी पाय आणि मान बाहेर काढायची आणि दुपारपर्यंत तशीच पडून राहायची. तो आळस नव्हता. कासवाच्या अंगात स्वतःची ऊब नसते. ती उन्हातून घ्यावी लागते. ऊन मिळालं नाही तर खाल्लेलं पचत नाही, पाय हलत नाहीत, आणि थंडी फार वाढली तर पुढचं सांगायला नको. तळ्याच्या बाकी सगळ्या काठावर सावली आणि चिखल होता. उन्हातला दगड एकच होता.

त्या वर्षी धोबी आला, मुळावर बसला आणि म्हणाला, "आजवर सगळे आपल्यापुरताच विचार करत आले. मला दगड कसा दिसतो, मला त्याचं काय वाटतं. पण कोणी बघत नसलं तरी दगड असतो."

चिटणीस मुंगूसराव टिपण काढत होते. त्यांच्या हातातली काडी खाली पडली.

"असतो?" त्यांनी विचारलं.

"असतो," धोबी म्हणाला. "आणि तो कोणासाठीही नसतो. नुसता असतो."

रोहीसरांनी डोळे मिटले. मुंगूसरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते जन्मापासून दगडांच्या सांदीत राहत होते, पण दगड असतो हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

मग असलेला दगड प्रत्यक्ष बघायला सगळं मंडळ रांगेने तळ्यावर गेलं. दगड होता. त्यावर येसूमावशी होती.

"मावशी, जरा उतरता का?" रोहीसर अदबीने म्हणाले.

पाण्यातून साप वगैरे येतोय की काय, असं वाटून येसूमावशी घसरत खाली आली. काय झालं, असं तिने विचारलं.

"आपण या दगडाला बसायची जागा करून ठेवलंय."

"ती बसायचीच जागा आहे," येसूमावशी म्हणाली.

"ऐकलंत?" रोहीसर मंडळाकडे वळून म्हणाले. मंडळाने मान हलवली आणि ते लिहून घेतलं.

त्याच संध्याकाळी दगडाभोवती बोरीबाभळीच्या काट्यांचं कुंपण उभं राहिलं. पुढे एक पाटी लागली. पाटीवर लिहिलं होतं, 'हा दगड आहे. कोणासाठीही नाही.' दुसऱ्या दिवसापासून मंडळाचे सात-आठ सभासद कुंपणाबाहेर येऊन उभे राहू लागले. ते दगडाकडे पाठ करून उभे राहायचे. बघितलं तर तो बघण्यासाठी आहे असं झालं असतं.

येसूमावशीने आधी चिखलात बसून बघितलं. चिखल पाण्याहून गार होता. मग तिला झुडपांपलीकडे एक पडका ओंडका सापडला. सकाळी ती त्यावर बसली, आणि दुपारपर्यंत ओंडक्याभोवतीही काटे आले. ओंडकाही असतो, हे तिला बघूनच मंडळाच्या लक्षात आलं होतं.

तिसऱ्या दिवशी तिला गोगलगाय गिळवेना. आठव्या दिवशी पुढचा डावा पाय ताठ झाला.

लव्हाळ्यात तान्ही नावाची पाणकोंबडी राहायची. ती दिवसभर बोलायची आणि मधूनमधून खायची. ती येऊन म्हणाली, "मावशी, घूस की काट्यांतून. पाठ तर तुझी दगडाहून टणक आहे."

"पाठीचं काय गं, मान मऊ आहे. आणि ते आठ जण?"

"ते तर पाठ करून उभे असतात."

"पण कान आहेत ना त्यांना," येसूमावशी म्हणाली. खरं तर तिला आठ जणांसमोर काही करायची भीती वाटायची. कवच असलेल्यांना अशी भीती फार असते.

शेवटी मंगळवारी पहाटेच निघून दुपारी ती मंडळात पोचली. आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत बोलायला उभी राहिली. तिने साधंच सांगितलं. थंडी वाजते, खाल्लेलं पचत नाही, दगड परत द्या.

रोहीसरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "मावशी, आपल्या थंडीबद्दल मंडळाला आदर आहे," ते म्हणाले. "पण ही फार कासवकेंद्री भूमिका झाली."

"दगडालाही थंडी वाजत असेल. त्याचा विचार केलात?" मुंगूसरावांनी विचारलं.

"वाजत असेल तर मी वर बसलेली त्याला बरीच की."

दोन-तीन तरुण हरणं हसली. रोहीसर हसले नाहीत. "हा युक्तिवाद तीन वर्षांपूर्वीचा आहे," ते म्हणाले, आणि पुढचा विषय घेतला.

येसूमावशी परत निघाली नाही. पाय उचलत नव्हता हे एक. दुसरं म्हणजे तिला कुतूहल वाटायला लागलं होतं. ती तिथेच एका मुळाआड, सगळ्यांच्या मागे राहिली. पुढचे तीन मंगळवार तिने मागे बसून काढले. मागे बसणाऱ्याला पुढच्यांचे कान दिसतात, आणि कानांवरून बरंच कळतं. बोलणं समजलं नाही की हरणं कान टवकारायची आणि मान डोलवायची. समजलं की झोपाळू व्हायची. मुंगूसराव सर्वांत जास्त लिहायचे आणि लिहिलेलं कधी वाचायचे नाहीत. आणि कोणी काहीही मांडलं तरी, हे खरं का, असं तिथे कोणीच विचारायचं नाही. विचारायचे, हे यंदाचं का?

"एवढं मनावर घेऊ नको," तान्ही म्हणाली. "पुढच्या थंडीत धोबी दुसरं काहीतरी आणेल. मग दगडाला कुत्रंसुद्धा विचारणार नाही. तोवर धीर धर."

"पौषातली थंडी अजून यायची आहे, तान्हे," येसूमावशी म्हणाली. "पुढची थंडी बघायला मला ही काढायला हवी ना."



दुसऱ्या दिवशी सकाळी धोबी काठावर किडे टिपत होता. येसूमावशी रखडत त्याच्याजवळ गेली. एवढं लांबचं सगळं तू ऐकतोस तरी कुठे, असं तिने त्याला विचारलं. त्यात काही गुपित नव्हतं. पर्वतांपलीकडे एका नदीकाठी अस्वलं जमतात, तो म्हणाला. मोठी, गुबगुबीत. उन्हाळाभर मासे खातात, बोरंबिरं खातात, आणि पोट भरलं की बसून बोलतात. त्यांच्याभोवती माशा फार. त्या माशा खायला तो जातो. खाताखाता जे कानावर पडतं ते इथे येऊन सांगतो.

"बोलताना बसतात कशावर?" येसूमावशीने विचारलं.

धोबीची शेपटी हलली. "दगडांवर. उन्हात. एकेक अस्वल दोन-दोन दगड अडवून बसतं."

येसूमावशी म्हणाली, "बरं, दगड असतो, कोणासाठी नसतो, इथवर आलं. त्याच्या पुढे काय?"

"पुढे काही नाही. तोवर तिकडे थंडी पडायला लागते. अस्वलं पेंगतात. त्यातलं सर्वांत म्हातारं म्हणतं, 'यावर आपण सविस्तर बोलू', आणि बोलताबोलता झोपतं. मग बाकीचीही गुहेत जाऊन झोपतात. हिवाळाभर. मी निघतो तेव्हा घोरणं सुरू झालेलं असतं."

"उठल्यावर सविस्तर बोलत असतील."

"छे. उठल्यावर भूक लागलेली असते. कुठवर आलो होतो ते कोणाच्याच लक्षात नसतं. मग नवीन काहीतरी काढतात." धोबीने एक किडा गिळला. "म्हणून तर दर वर्षी नवीन असतं."

"आणि हे तू मंडळात कधी बोलला नाहीस?"

"विचारलं कोणी? ते विचारतात, काय म्हणतात. काय करतात, हे विचारणाऱ्या तुम्हीच पहिल्या."

तान्हीला हे कळलं तेव्हा ती पंख फडफडवत निघालीच. आत्ताच्या आत्ता जाऊन त्या रोह्याला सांगते, म्हणाली, तुमची अस्वलं स्वतः दगडावर बसतात म्हणून. येसूमावशीने तिला थांबवलं. तिने तीन मंगळवार उगाच घालवले नव्हते. असं सांगितलं तर रोहीसर काय म्हणतील ते तिला शब्दशः माहीत होतं. अस्वलाची बैठक म्हणजे अस्वलाचा विचार नव्हे, असं म्हणतील. आणि मुंगूसराव ते लिहून घेतील.

मंगळवार आला. त्या दिवशी बोचरं वारं होतं. येसूमावशीचे आता दोन पाय ताठ झाले होते. तान्हीने मागून ढकलत तिला झाडाखाली आणलं. रोहीसर दगडाच्या मौनावर दीड तास बोलले. शेवटी कोणाला काही विचारायचं आहे का, असं त्यांनी विचारलं. कोणी विचारणार नाही याची त्यांना खात्री होती. कधीच कोणी विचारत नसे.

मुळामागून एक पाय हळूच वर आला.

"तिकडे दगडाचं संपलंय, असं ऐकलं," येसूमावशी म्हणाली. तिचा आवाज इतका लहान होता की सगळ्यांना गप्प व्हावं लागलं.

रोहीसरांचं चघळणं थांबलं. "कोण म्हणतं?"

सगळ्यांनी धोबीकडे बघितलं. धोबी बिचारा कावराबावरा झाला. पण शेपटी वरखाली हलतच होती. "पुढे ते काही बोलले नाहीत, हे खरं आहे," तो म्हणाला.

"मग सध्या काय चाललंय?"

"सध्या झोपलेत."

"सगळे?"

"सगळे. अगदी मोठ्यातले मोठेसुद्धा."

"महिना होऊन गेला म्हणे," येसूमावशीने पुस्ती जोडली.

झाडाखाली खळबळ उडाली. महिना. पर्वतांपलीकडे एवढं घडून गेलं होतं आणि इथे मंडळ अजून डोळे उघडे ठेवून उभं होतं. एका हरणाने तर लाजेने जागच्या जागी डोळे मिटून घेतले. मुंगूसराव आपली टिपणं पोटाखाली लपवायला लागले.

रोहीसर मात्र डगमगले नाहीत. "याची चाहूल मला होती," ते म्हणाले. "दगडासारखं नुसतं असायचं, तर बोलून कसं चालेल? मागच्या मंगळवारी मी दोनदा जांभई दिली होती. मुंगूसराव, ती टिपणात आली आहे ना?"

मुंगूसरावांनी ती लगेच टिपणात आणली.

आणि मंडळ झोपलं. जो तो असेल तिथे आडवा झाला. कोणी झाडाखाली, कोणी तळ्याकाठी. कुंपणाशी उभे राहणारे आठ जण कुंपणाशीच झोपले. झोप सगळ्यांना येत होती असं नाही. मुंगूसरावांना तर बिलकुल येत नव्हती. ते डोळे घट्ट आवळून पडून राहिले आणि मनातल्या मनात स्वतःला मागासलेले म्हणू लागले. एखादं चितळ भूक लागून चरायला उठलं की बाकीचे एक डोळा किलकिला करून बघायचे, कीव केल्यासारखं डोकं हलवायचे आणि पुन्हा मिटायचे.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता दगडावर ऊन आलं.

तान्हीने चोचीने एकेक फांदी ओढायला सुरुवात केली. तोंडात काटा असल्यामुळे तिला बोलता येत नव्हतं आणि त्याचाच तिला जास्त त्रास होत होता. वाट झाली तशी येसूमावशी पाठ पुढे करून आत शिरली. पाटी वाटेत होती. ती तिच्या कवचाला लागून पालथी पडली.

चढायला वेळ लागला. दोन ताठ पाय आणि दोन चालणारे, अशा चौघांचा मेळ बसेना. एकदा ती घसरली. दुसऱ्यांदा घसरली. तिसऱ्यांदा तान्हीने मागून डोकं लावलं आणि ती वर पोचली.

ऊन आधी पाठीवर आलं. मग दगडाची ऊब पोटाला लागली. मग पुष्कळ वेळाने डाव्या पायात मुंग्या आल्या, आणि त्या मुंग्या आल्या म्हणून येसूमावशीला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं. तिने मान पूर्ण बाहेर काढली. खोटं आपण एक अक्षरही बोललो नाही, असं तिला वाटलं. आणि खरंही कोणाला नीट सांगितलं नाही, असंही वाटलं. दुपारी तान्हीने एक गोगलगाय आणून दिली. ती गिळवली.

असे चार-पाच दिवस गेले. एका सकाळी, तळ्याकाठी झोपलेल्या रोहीसरांच्या कानाला मुंगळा चावला. त्यांनी खाडकन एक डोळा उघडला.

समोर दगड होता. दगडावर येसूमावशी होती. चारी पाय पसरून, तोंड थोडं उघडं ठेवून, अगदी कासवकेंद्री पद्धतीने पसरली होती.

रोहीसरांचं लांब तोंड आणखी लांब झालं. ते काहीतरी म्हणणार होते. म्हणायला उठावं लागलं असतं. आणि उठलेलं कोणी बघितलं असतं तर? आजूबाजूला आठ जण झोपलेले होते, आणि त्यांतले निदान पाच जण जागे होते, हे रोहीसरांइतकं कोणाला ठाऊक असणार?

येसूमावशीही त्यांच्याकडे बघत होती. या वेळी तिने मान आत घेतली नाही.

रोहीसरांनी उघडलेला डोळा सावकाश, काळजीपूर्वक मिटला. थोडं थांबून त्यांनी घोरायलाही सुरुवात केली.

तात्पर्य : मुलांनो, भरपूर झोपा. अर्धवट राहिलेलं काम उठल्यावर मुळीच पूर्ण करू नका, नवीन काढा. थोर लोक असंच करतात. आणि आपण कशावर बसलो आहोत ते कधी कोणाला सांगू नका.